अर्धा छापखाना : एका व्यवसायचित्राच्या खरेदीचे प्रकरण

पुण्यातील एका निवृत्त मुद्रकांनी अठराव्या शतकातील एक फ्रेंच छापचित्र परदेशातील एका विक्रेत्याकडून मागवले आणि ते हाती पडल्यावर तीन आठवड्यांनी चौकटीसह माझ्याकडे आणले. जुन्या कागदांची डागडुजी हा माझा व्यवसाय असल्यामुळे असे कागद माझ्या टेबलावर नेहमीच येतात आणि आणणाऱ्यांचा प्रश्न बहुधा ‘हे अस्सल आहे का?’ एवढाच असतो. या गृहस्थांचा प्रश्न मात्र निराळा होता. त्यांनी पेठेतल्या आपल्या छापखान्यात जवळजवळ चाळीस वर्षे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवले होते, ट्रेडल हे पायाने चालवायचे छपाईयंत्र चालवले होते, आणि छापखाना बंद केल्यानंतर जुन्या धंद्यांची, दुकानांची आणि कारखान्यांची चित्रे जमवण्याचा छंद त्यांना लागला होता. चौकट टेबलावर ठेवत ते म्हणाले, “हे चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे असं मला वाटतं. मशीनबरोबर जे पुस्तक यायचं, त्यात वर मशीन आणि खाली त्याचे सुटे भाग काढलेले असायचे. इथं वरचं आहे. खालचं कुठं गेलं?”

या प्रकरणाचा बहुतेक उलगडा त्यांच्या या एका प्रश्नात होता. पुढची तपासणी म्हणजे त्यांच्या संशयाला कागदावरचा पुरावा शोधणे होते, आणि तो शोधताना विक्रेत्याने दिलेल्या वर्णनातला एकेक शब्द सुटा करून पाहावा लागला. ते वर्णन असे होते : दिदरो यांच्या ज्ञानकोशातील छापखान्याचे चित्र, पॅरिस, १७६९, मूळ रंगांसह.

चित्राचा उगम आधी सांगणे आवश्यक आहे, कारण संग्राहकांच्या बाजारात ‘दिदरोचे चित्र’ हा शब्द फार सैल वापरला जातो. देनी दिदरो आणि दालांबेर यांनी संपादित केलेल्या ‘आँसिक्लोपेदी’ या फ्रेंच ज्ञानकोशाच्या मजकुराचे १७ खंड १७५१ ते १७६५ या काळात निघाले आणि चित्रांचे ११ स्वतंत्र खंड १७६२ ते १७७२ या काळात निघाले. चित्रफलकांची संख्या अडीच हजारांहून अधिक आहे. दिदरो हे लांग्र गावच्या सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव होते. टाचणी करणारा, टोप्या करणारा, काच ओतणारा, घड्याळजी, सुतार, चांभार अशा हाताने काम करणाऱ्यांच्या विद्येला त्यांनी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांच्या पंक्तीला बसवले, हे त्या काळी साधे नव्हते. चित्रांचा मोठा भार लुई-जाक गूसिए या आरेखकाने उचलला; नऊशेहून अधिक फलक त्याच्या हातचे आहेत. या खंडांच्या जन्माभोवती भांडणेही पुष्कळ झाली. मार्च १७५९ मध्ये ज्ञानकोशाचा छपाईचा परवाना रद्द झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पिएर पात याने आरोप केला की, रेओम्यूर याच्या देखरेखीखाली फ्रेंच विज्ञान अकादमीने कारागिरीच्या वर्णनासाठी जी चित्रे कोरून घेतली होती, त्यांवरून ज्ञानकोशाची चित्रे उचललेली आहेत. अकादमीने आपली मालिका १७६१ पासून स्वतंत्रपणे छापली. व्यवसायचित्रे जमवणाऱ्याला या दोन्ही मालिकांची पाने एकाच विक्रेत्याकडे शेजारी शेजारी मिळतात आणि दोन्हींवर ‘दिदरो’ अशीच चिठ्ठी लावलेली असते.

ज्ञानकोशातील व्यवसायाच्या फलकाची एक ठरलेली मांडणी आहे. वरच्या भागात कामाची जागा दाखवलेली असते : खिडक्या, बाके, माणसे, त्यांच्या हातातली कामे. खालच्या भागात त्या कामाची हत्यारे आणि त्यांचे सुटे भाग रिकाम्या कागदावर एकेक मांडलेले असतात. वरची माणसे आणि खालच्या वस्तू यांना आकडे किंवा अक्षरे दिलेली असतात आणि त्यांचा अर्थ चित्रखंडातच छापलेल्या स्पष्टीकरणात सापडतो. म्हणजे वरचा भाग काम कसे चालते ते सांगतो आणि खालचा भाग ते कशाने चालते ते सांगतो. बाजारात मात्र या दोन भागांची किंमत सारखी नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर माणसे असलेले दृश्य शोभते. स्क्रू, पकड आणि पट्ट्या यांचे चित्र कोणी सहसा टांगत नाही. म्हणून फार पूर्वीपासून काही हातांनी या फलकांना मधोमध कात्री लावलेली आहे.

चौकट उघडली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती पाठीमागचा पुठ्ठा. तो लाकडाच्या लगद्याचा स्वस्त पुठ्ठा होता, आणि चित्राभोवती कापलेल्या पुठ्ठ्याच्या खिडकीच्या कडेने कागदावर पिवळसर तपकिरी रेघ उमटलेली होती. पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरले की अशी रेघ येते. कागद पुठ्ठ्याला दोन ठिकाणी चिकटपट्टीने डकवलेला होता, आणि ती काढण्यातच पहिला दिवस गेला. मोकळा झालेला कागद सुमारे २५ सेंटिमीटर रुंद आणि १७ सेंटिमीटर उंच भरला. ज्ञानकोशाच्या पॅरिस आवृत्तीतले एकेरी पान सुमारे ४० सेंटिमीटर उंच आणि २५-२६ सेंटिमीटर रुंद असते. रुंदी जुळत होती, उंची जुळत नव्हती.

खरा पुरावा मात्र मोजपट्टीत नव्हता, तिरप्या उजेडात होता. तांब्याच्या पत्र्यावरची छपाई रुळांच्या यंत्रात फार मोठ्या दाबाखाली होते, आणि त्या दाबाने पत्र्याच्या कडांची चौकोनी खूण कागदात कायमची दबते. दिवा टेबलाच्या उंचीला आणून कागदावर आडवा उजेड टाकला, तेव्हा ही खूण वरच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे स्वच्छ दिसली. खालच्या बाजूला ती नव्हती. डावी आणि उजवी दाबखूण सरळ खाली येत होती आणि कागदाच्या कडेपाशी अचानक संपत होती, जणू पत्रा तिथून पुढे कागदाबाहेर गेला असावा. पत्र्याला चार कडा असतात, तीन कधीच नसतात. चित्र आणणाऱ्या संग्राहकांचा संशय तिथेच सिद्ध झाला.

उजेडाकडे धरल्यावर कागदात जाळीच्या तारांच्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या जाड रेघा दिसल्या. अठराव्या शतकातल्या हातकागदाचे हे लक्षण आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली छापील ठिपक्यांची जाळी नव्हती. रेघा टोकाकडे निमुळत्या होत होत्या आणि शाई कागदावर किंचित उंच उभी होती. तेव्हा हे विसाव्या शतकातले पुनर्मुद्रण नव्हे, हे नक्की झाले. या टप्प्यावर संग्राहकांनी जे केले ते मला आवडले. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. खिळ्यांच्या छपाईत शाई उंचवट्यावर असते आणि खिळा कागदात रुततो. म्हणून जुना मुद्रक छाप जड आहे की हलकी हे पाठीवरून हात फिरवून ओळखतो. तांब्याच्या पत्र्यात शाई कोरलेल्या रेघेच्या खोलीत बसते आणि ओला कागद त्या खोलीत दाबला जाऊन तिला उचलून आणतो. “पाठीला काहीच लागत नाही,” ते म्हणाले आणि क्षणभर थांबून हसले. त्यांच्या धंद्याचे चित्र त्यांच्या धंद्याने छापलेले नव्हते. ज्ञानकोशाचा मजकूर खिळ्यांवर आणि चित्रे रुळांच्या यंत्रावर, अशी दोन निरनिराळ्या यंत्रांवरची छपाई होती. पत्र्यावरून चित्रे छापणाऱ्यांचा धंदाच वेगळा होता आणि ज्ञानकोशात त्यालाही स्वतंत्र फलक दिलेले आहेत.

(तांब्याच्या पत्र्यावरची छपाई आपल्याकडे फार लांबची नाही. पुण्याच्या रेसिडेन्सीत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता त्या काळात इथल्या तांबटाला पत्र्यावर अक्षरे कोरून छापण्याची विद्या मिळाली, आणि १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने अशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. या फ्रेंच फलकानंतर अवघ्या काही दशकांनी.)

यानंतरचा प्रश्न रंगाचा होता. विक्रेत्याने ‘मूळ रंगांसह’ असे लिहिले होते. ज्ञानकोशाचे चित्रखंड काळ्या शाईतच निघाले. रंगवलेली पाने बाजारात खूप दिसतात, पण तो रंग पुढे कोणीतरी हाताने चढवलेला असतो. सर्वसाधारण माहितीवरून एवढे म्हणता येत होते, तरी प्रत्येक कागद स्वतःची साक्ष देतो आणि ती ऐकलेली बरी. या कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जुन्या पाण्याचा डाग होता, कडेला तपकिरी लाटेसारखी रेघ असलेला. भिंगाखाली तीन गोष्टी दिसल्या. खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या अंगरख्याचा निळा रंग या लाटेवरून सरळ पलीकडे गेला होता आणि कुठेही फुटला नव्हता; पाणी शिरले तेव्हा हा रंग कागदावर असता, तर तो लाटेबरोबर वाहिला असता. डाग खालच्या कडेपाशी अर्धवट तुटलेला होता, म्हणजे डाग पडला तेव्हा कागद खाली आणखी लांब होता. तिसरी गोष्ट सर्वांत लहान, पण माझ्या मते सर्वांत पक्की होती : जमिनीला दिलेला फिकट पिवळा रंग खालच्या कडेवरून ओघळून कागदाच्या जाडीवर चढला होता. रंगवणाऱ्याचा ब्रश आला तेव्हा कागद कापलेलाच होता. क्रम असा लागतो : आधी पाणी, मग कात्री, मग रंग. ‘मूळ’ या शब्दाला जागा उरली नाही.

रंगाने आणखी एक नुकसान केले होते. केसेसच्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांच्या, ओळीपुढे उभ्या असलेल्या माणसाजवळचा बारीक आकडा निळ्या रंगाखाली बुडाला होता. फलकाचा मजकुराशी असलेला दुवा तो आकडाच असतो. चित्र सजले आणि मुके झाले. रंग धुवून काढावा का, हे संग्राहकांनी विचारले. मी नको म्हटले, कारण पाण्यात रंग सुटेल, पण सुटलेला रंग तंतूंत पसरला तर जे आज वाचता येते तेही जाईल.

आता राहिले ‘पॅरिस’ आणि ‘१७६९’. छापखान्याचे फलक चित्रांच्या सातव्या खंडात येतात आणि तो खंड १७६९ चा आहे, एवढे खरे. पण या ज्ञानकोशाच्या आवृत्त्या इतक्या निघाल्या की पानावरचे चित्र तेच असले तरी कागद त्याच छपाईचा असेल असे नाही. इटलीत लुक्का आणि लिव्होर्नो येथे मोठ्या आकारात आवृत्त्या निघाल्या आणि त्यांसाठी पत्रे पुन्हा कोरले गेले. स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दों येथे फोर्तुनातो दे फेलिचे याने लहान आकारात स्वतःची आवृत्ती काढली, जिनिव्हा आणि नुशातेल येथून आणखी एक लहान आकाराची आवृत्ती निघाली, आणि १७८२ पासून पांकूक या पॅरिसच्या प्रकाशकाने विषयवार लावलेला प्रचंड नवा कोश सुरू केला, ज्यात जुने फलक आकसून आणि नव्याने जुळवून वापरले गेले. लहान आकाराच्या या सर्व आवृत्त्या इथे बाद होत्या, कारण आपल्या पत्र्याची रुंदी मोठ्या आकाराची होती. इटलीचा प्रश्न उरला.

सहसा हा प्रश्न सह्या सोडवतात. ज्ञानकोशाच्या फलकावर चित्रचौकटीखाली डावीकडे आरेखकाचे आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव असते आणि मध्ये व्यवसायाचे नाव असते. कात्री लावणाऱ्याने नेमका हाच पट्टा खालच्या अर्ध्या भागाबरोबर काढून टाकला होता. खालचा भाग कापणे म्हणजे हत्यारे कापणे, असे मी तोवर समजत होतो. ओळख पटवणारा पुरावाही त्याच कात्रीने जातो, हे या प्रकरणात मला नव्याने जाणवले. सही सापडली असती तरी ती एकटी पुरली नसती, हेही नमूद करायला हवे. कोरणारा बेनार याचे नाव पॅरिसच्या फलकांवर आहे आणि पांकूकच्या नंतरच्या कोशातल्या फलकांवरही आहे. नुसते ‘बेनार’ वाचून पॅरिस असे लिहिणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

म्हणून तुलना रेघांवर आली. पॅरिस आवृत्तीची प्रतिमा आज कोणालाही पाहता येते. शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पात ती आहे आणि पॅरिसच्या माझारीन ग्रंथालयातील प्रतीची छायाचित्रेही जालावर आहेत. आम्ही एकमेकांना छेदणाऱ्या रेघांनी सावली भरलेल्या पाच जागा निवडल्या : केसखालच्या चौकटीची सावली, खिडकीच्या कोनाड्याची, दोन माणसांच्या पायांजवळची आणि काम करायच्या दगडाच्या कडेची. प्रत्येक जागी रेघा मोजल्या, त्यांचे तिरपेपण पाहिले, जिथे कोरणाऱ्याचा हात घसरून एखादी रेघ लांब गेली आहे त्या जागा टिपल्या. चांगला कोरणारा दुसऱ्याचे चित्र हुबेहूब उतरवू शकतो, पण सावलीतल्या रेघांचा गुंता त्याच संख्येने आणि त्याच चुकांसह कोणी पुन्हा कोरत नाही. पाचही जागा जुळल्या. चित्र पॅरिस आवृत्तीच्या पत्र्यावरून छापलेले होते.

तरीही ‘१७६९’ लिहिता येत नव्हते. पत्रा झिजेपर्यंत त्यावरून छपाई करता येते, आणि पॅरिसच्या मूळ प्रकाशकांकडून १७६८ च्या अखेरीस पांकूक आणि त्याच्या भागीदारांनी पुढच्या आवृत्त्यांचे हक्क आणि पत्रे विकत घेतले होते. आपल्या कागदावर अतिबारीक रेघा काही ठिकाणी करड्या आणि तुटक होत्या, म्हणजे पत्रा बराच चाललेला असावा. पण रंगाखाली झाकलेल्या कागदावरून हे ठामपणे मोजण्याचे धाडस मी करणार नाही. अहवालात मी असे लिहिले : “पॅरिस आवृत्तीच्या पत्र्यावरून घेतलेली छाप, अठराव्या शतकातील, फलकाचा फक्त वरचा भाग, खालून कापलेला, रंग कापल्यानंतरचा, छपाईचे वर्ष निश्चित नाही.” विक्रेत्याच्या वर्णनातला ‘दिदरो’ खरा ठरला, ‘पॅरिस’ पत्र्यापुरता खरा ठरला, ‘१७६९’ अनिर्णित राहिला आणि ‘मूळ रंग’ बाद झाला.

चित्रात काय आहे, याबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण संग्राहकांनी ते ज्या रीतीने वाचले तसे मी कधीच वाचले नव्हते. माझ्या दृष्टीने ती एक शांत, उजेडाची खोली होती. त्यांच्या दृष्टीने तिथे कामाचे टप्पे एका ओळीत उभे होते. एक जण केसपुढे उभा आहे, डाव्या हातात स्टिक (खिळे ओळीने लावायची पट्टी) आहे आणि उजवा हात घरातून खिळा उचलतो आहे. दुसरा भरलेली स्टिक गॅलीत, म्हणजे जुळलेल्या ओळी ठेवायच्या तबकात, रिकामी करतो आहे. तिसरा दगडावर फर्मा, म्हणजे छपाईसाठी चौकटीत आवळलेले खिळे, बांधून, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोकतो आहे, म्हणजे सगळे खिळे एका पातळीला येतील. “हा तिसरा खरा जबाबदार माणूस,” ते म्हणाले. “एक खिळा वर राहिला तर कागद फाटतो आणि खाली गेला तर अक्षर उठत नाही.” मग त्यांनी केसच्या घरांकडे बोट दाखवले. रोमन लिपीला दोन केसेस पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जातात, आणि जुळारी एका जागी उभा राहून सगळ्या घरांपर्यंत पोचू शकत नाही. मुंबईच्या टाईप-फौंड्र्यांनी एकोणिसाव्या शतकात हा पेच सोडवण्यासाठी किती खटपटी केल्या, हे मराठी मुद्रकाला सांगावे लागत नाही. जावजी दादाजींचा ‘निर्णयसागर’ छापखाना १८६९ चा, या फलकाच्या खंडानंतर बरोबर १०० वर्षांनी निघालेला, ही गोष्ट त्यांनीच मला काढून दाखवली.

त्यांची एक तक्रारही होती आणि ती मला महत्त्वाची वाटते. या खोलीत जमिनीवर एकही खिळा पडलेला नाही. कोणाच्या बोटांना शाई नाही, कोणी मुद्रिते घेऊन धावत नाही, कोणी ओरडत नाही. ज्ञानकोशाच्या व्यवसायचित्रांवर अभ्यासकांनीही हा आक्षेप घेतलेला आहे की, त्यांतले कारखाने फार स्वच्छ आणि कामगार फार निवांत आहेत. चित्राचा हेतू हालचाल समजावून सांगण्याचा होता, कामगाराचा दिवस दाखवण्याचा नव्हता. भिंतीवर टांगणाऱ्याला ही स्वच्छता हवी असते, म्हणूनच वरचा अर्धा भाग खपतो. त्या स्वच्छतेचे कारण मात्र खालच्या भागात असते, कारण वरचे दृश्य मुळात खालच्या हत्यारांची प्रस्तावना आहे.

व्यवहाराचा निकाल लावणे वाटले त्यापेक्षा अवघड गेले. सरळ मार्ग वस्तू परत करण्याचा होता आणि परतीची मुदत संपली नव्हती. पण भारतातल्या पुरावस्तू आणि कलासंपदाविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात १०० वर्षांहून जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. ती कोणत्या देशात घडली अशी अट त्या व्याख्येत नाही, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा सरकारने अधिकृत केलेल्या संस्थेलाच आहे. जो कागद परदेशातून आपल्याकडे साध्या टपालाने आला, तो त्याच टपालाने परत टाकणे म्हणजे निर्यात होते. हौशी संग्राहकांपैकी फार थोड्यांना ही बाब खरेदीच्या वेळी ठाऊक असते. या गृहस्थांनाही नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही ती कायद्याचा मजकूर समोर घेईपर्यंत इतकी स्पष्ट नव्हती. परदेशातून जुनी वस्तू मागवताना ‘पटली नाही तर परत पाठवू’ हे गृहीत इथे चालत नाही.

म्हणून आम्ही दाबखुणेची, कडेवर ओघळलेल्या रंगाची आणि तुटलेल्या डागाची तिरप्या उजेडातली छायाचित्रे काढून विक्रेत्याला पाठवली आणि वर्णन दुरुस्त करून रकमेचा काही भाग परत करावा, अशी मागणी केली. उत्तर आठ दिवसांनी आले. कागद आपल्याला याच स्थितीत मिळाला होता असे विक्रेत्याचे म्हणणे होते. ते खोटे असेल असे मला वाटत नाही, कारण कात्री आणि रंग दोन्ही जुने होते. त्याने रक्कम थोडी कमी केली, आमच्या अपेक्षेहून कमीच. संग्राहकांनी ती स्वीकारली. माझे मत तेव्हाही वेगळे होते आणि आजही आहे : ‘मूळ रंग’ हा शब्द लिहिण्याआधी भिंग लावून कड पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि ती न घालवणाऱ्याने अधिक भरपाई द्यायला हवी होती.

कागद मात्र चांगल्या स्थितीत ठेवणे आवश्यक होते. आम्लाची रेघ आणखी पसरू नये म्हणून तो कापसाच्या, आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यात बसवला, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर टांगता ठेवला आणि काच कागदाला टेकणार नाही असे अंतर ठेवले. पुण्याच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी यायला एक श्रावण पुरतो. पाठीवर पेन्सिलीने अहवालातले वाक्य लिहिले, म्हणजे पुढे कोणाच्या हातात गेला तर नव्या घरात जुनी चूक जाणार नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी त्याच फलकाची अखंड प्रत मिळवली. ती रंगवलेली नव्हती, उजव्या कडेला पाण्याचा डाग होता आणि डाव्या कडेला बांधणीतल्या टाक्यांची भोके होती. किंमत रंगीत अर्ध्या चित्राहून कमी पडली, आणि बाजार कसा चालतो याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. या पानाच्या खाली डावीकडे गूसिएचे नाव होते, उजवीकडे बेनारचे, मध्ये ‘खिळ्यांची छपाई, केसचे काम’ अशा अर्थाचा फ्रेंच मथळा. दाबखूण चारही बाजूंनी होती. तो खंड कोणीतरी कधीतरी फोडला असणार, ही टोचणी त्यांना होती आणि मला तर असतेच. पण सुटलेले पान पुन्हा खंडात जात नाही, ते निदान पुरते राहावे.

ते पान टेबलावर पसरले तेव्हा त्यांनी वरच्या खोलीकडे पाहिलेही नाही. खाली कागदाच्या मध्यभागी स्टिक काढलेली होती आणि तिचे भाग होते. त्यांनी पिशवीतून स्वतःची स्टिक काढली, कापडात गुंडाळलेली, आणि चित्राशेजारी काचेवर ठेवली. मग खिशातून एक खिळा काढला, बारा पॉइंटाचा ‘क’. इंग्रजी वळणाच्या खिळ्याला खाच पोटाकडे असते, म्हणजे अक्षराच्या पायाच्या बाजूला. फ्रान्समध्ये ती पाठीकडे ठेवण्याची रीत होती. मुंबईचे खिळे इंग्रजी वळणाचे. खाचेवर अंगठा फिरवून जुळारी न पाहता खिळा सरळ धरतो, आणि चाळीस वर्षे पोटाकडची खाच चाचपलेला अंगठा फ्रेंच केसपुढे उभा राहिला तर प्रत्येक अक्षर उलटे लावील. भिंग घेऊन ते चित्रातल्या खिळ्यांवर वाकले आणि हातातला ‘क’ बोटांत फिरवून, खाच खाली करून, फ्रेंच माणसासारखा धरून पाहू लागले.